मालवायचे राहिलेले दिवे

त्या दुपारी बाहेर धुकं होतं, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे. खरोखर होतं का, हे आता शपथेवर नाही सांगता येणार. खिडकीची काच मळकी असेल. माझा चष्माही असेल. जन्मभर मी तर्कशास्त्र शिकवलं. साक्षीदाराची आठवण हा पुरावा किती कच्चा असतो, हे दरवर्षी नव्या मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. तेव्हा आज मी सांगतोय तेही तुम्ही जरा चाळूनच घ्या. एकच गोष्ट मी नंतर, फार नंतर, खात्री करून घेतली आहे. ती शेवटी येईल. तो दिवा असू द्या तसाच, माझ्या डोळ्यांवर येत नाही.

माझी मुलगी त्याच्या दोन दिवस आधी अचानक येऊन थडकली होती. कारण मीच. फोनवर बोलता बोलता मी तिला विचारलं होतं, "अगं, घरातले दिवे हल्ली आपोआप बंद होतात का? म्हणजे तशी काही सोय निघालीय का?"

मग ती म्हणाली, "कुठले दिवे, बाबा?"

मी सांगत गेलो. बाथरूमचा दिवा लावून टॉवेल आणायला जावं, परत यावं तर अंधार. स्वयंपाकघरातला दिवा तसाच राहिलाय हे अंथरुणात पडल्यावर आठवावं, उठून जावं, तर तो बंद. सांगताना मला गंमतच वाटत होती. फोन ठेवल्यावर कळलं, आपण काय बोलून बसलो ते. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. ती आधी दिवे विसरली, मग दारं, मग मला.

मुलीनं येण्याआधीच डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. स्मरणशक्तीची तपासणी. तिच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी करून झाली आहे, हे जावई फोनवर चुकून बोलून गेला. म्हणजे परीक्षा व्हायची होती, पण निकाल लागलेला होता. हे घर सोडायचं, आणि तेही आपलं डोकं ताळ्यावर नाही म्हणून. मला दोन्ही गोष्टींची सारखीच धास्ती होती.

हे घर म्हणजे हिचं घर. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तेव्हा दीडेक वर्ष झालं असेल. भूमापन कार्यालयात तिनं नोकरीभर नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. हिनं मुलीच्या जुन्या संगणकावरचा एक लढाईचा गेम शोधून काढला. लढाईत तिला काडीचा रस नव्हता. पण त्या गेमबरोबर एक मॅप एडिटर येत असे. त्यात आपले आपण डोंगर, नद्या, गावं तयार करायची, कुठे काय घडायचं ते लिहायचं आणि जगभरच्या लोकांना तिथं खेळायला बोलवायचं. हिनं डोंगरउतारावर एक गाव वसवलं. सैन्य नाहीच. दोन गटांनी वरचं पाणी आपापल्या शेतांकडे वळवायचं, एवढाच खेळ.

"लढाईच्या गेममध्ये पाटबंधारे खातं उघडलंस," मी म्हणालो होतो.

"असू दे. तुमच्या तर्कशास्त्रापेक्षा जास्त माणसं येतात माझ्याकडे."

ते खरं होतं.

त्या गावात दर काही मिनिटांनी संध्याकाळ व्हायची आणि घराघराच्या दारात दिवे लागायचे. सकाळ झाली की ते मालवले जायला हवेत. ते मालवत नसत. शेवटच्या आजारपणातसुद्धा उशीला टेकून ही तेच घेऊन बसलेली असायची. "मी सांगितलंय ना मालवायला. ओळ लिहिलीय. मग मालवत का नाहीत हे?" तिला ते सहन होण्यासारखं नव्हतंच. मी दिवे लावत पुढं जायचं आणि तिनं ते बंद करत मागून यायचं, अशी आमच्या संसाराची वाटणी होती. झोपायच्या वेळी ती सगळं घर फिरायची, दिवा बंद करायची, दार लागलंय ना म्हणून त्यावर दोनदा हात मारायची. पॅसेजमधला एक दिवा मात्र मला झोप लागेपर्यंत राहू द्यायची. मला अंधाराची भीती वाटते, हे विद्यापीठात कुणालाच माहीत नव्हतं.

ती गेली. तिचं गाव मागं राहिलं, भर दिवसा दिवे जळणारं. मग खेळणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. तासाभरात गेम जड होतो, अडखळतो, शेवटी बंदच पडतो.

"चला, तेवढं तरी मार्गी लावू," मुलगी त्या दुपारी म्हणाली. डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशी जायचं होतं आणि आम्हा दोघांनाही त्याविषयी बोलायचं नव्हतं. ती संगणकाचंच काम करते. आईनं लिहिलेलं तिनं उघडलं, वाचत वाचत खाली गेली आणि एका जागी थांबून हसली.

"काय झालं?"

"आई पण ना... बाबा, व्हेरिएबल म्हणजे काय, माहितीये?"

"गणितातलं माहितीये."

"इथलं सोपंय. व्हेरिएबल म्हणजे दावं समजा. आणि दिवा म्हणजे म्हैस."

"बरं."

"हसू नका हो. मेमरी म्हणजे गोठा. संध्याकाळी दिवा लागला की एक म्हैस गोठ्यात आली, आणि तिचं दावं तुमच्या हातात. सकाळी दाव्याला धरून तिला बाहेर काढायची, मग दावं सोडायचं. आईनं दोन्ही ओळी लिहिल्यात. पण उलट्या. आधी दावं सोडलंय, आणि मग म्हणतेय, दाव्याला जी असेल तिला बाहेर काढा."

"दाव्याला तर कुणीच नाही."

"कुणीच नाही. म्हैस आतच, चारा खातेय. दुसऱ्या संध्याकाळी त्याच जागी दुसरी येते, मग तिसरी. वरून आपल्याला एकच दिवा दिसतो, पण त्याच्याखाली ढीगभर दिवे जळत असतात. आणि आता ते कुणालाच मालवता येणार नाहीत. कुणाच्या हातात दावंच नाही."

"वस्तू आहे, पण तिच्याकडे बोट दाखवायला नाव नाही," मी म्हणालो. "यावर मी एक अख्खं सत्र..."

"बाबा, लेक्चर नको."

दुरुस्त करण्याआधी रोग किती बळावतो ते बघू, असं ती म्हणाली. तिनं गाव सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसत होता, किती मेमरी अडकली आहे ते सांगणारा. "हा चढत जाईल. तुम्ही नुसतं बघत बसा. लिहून ठेवायची गरज नाही, प्रत्येक डावाची नोंद गेम आपली आपण ठेवतो, नंतर जसाच्या तसा पुन्हा बघता येतो. मी तुमच्या गोळ्या घेऊन येते." ही माझीच एक छोटी चाचणी आहे, हे मला कळत होतं. नेमून दिलेल्या जागी म्हातारा बसून राहतो की नाही, बघायचं.

ती गेली. मी पॅसेजमधला आणि स्वयंपाकघरातला असे दोन्ही दिवे लावून आलो आणि हिच्या खुर्चीत बसलो.

खोलीत संगणकाच्या पंख्याची घरघर तेवढी होती. खिडकीचे पडदे ओढलेले. बाहेरचा उजेड कडेनं आत येत होता, पण त्यात जीव नव्हता. पडद्यावर गावात संध्याकाळ झाली, दिवे लागले. सकाळ झाली, दिवे तसेच. आकडा चढला. पुन्हा संध्याकाळ, पुन्हा दिवे. आकडा चढत गेला तशी पंख्याची घरघर वाढत गेली. दम लागलेल्या माणसानं जिना चढावा तशी. माझे डोळे जड झाले असतील. झोप लागली नव्हती, असं मला वाटतं.

मग पंखा हळू झाला.

मी आकड्याकडे पाहिलं. तो उतरत होता. मला वाटलं, आपण उलटं वाचतोय. चष्मा पुसला. आणखी उतरला. तेव्हा माझं लक्ष गावाच्या अगदी खालच्या टोकाला गेलं. तिथलं पहिलं घर अंधारात होतं.

त्याच्या शेजारचा दिवा माझ्यादेखत विझला.

त्या दारात काहीतरी होतं. करड्या रंगाचं, लहानसं. त्या गेममधली माणसं मी पुष्कळ पाहिली होती; सगळी एकाच साच्यातली, खांदे हलवत घाईनं चालणारी. हे तसं चालत नव्हतं. पुढच्या घराची पायरी आली की आधी उजवा पाय वर जायचा. मग थांबायचं. मग डावा पाय ओढून त्याच्या शेजारी आणायचा. हिचा डावा गुडघा कायमचा गेलेला होता.

दिवा विझला. मग दारावर हात. एकदा... दोनदा.

आकडा उतरला. पंखा आता ऐकूच येत नव्हता, आणि तो बंद झाल्यावर कळलं की घर किती गप्प आहे. मला वास आला. गुडघ्याला चोळायच्या मलमाचा. आमच्या खोलीतून तो कधीच पुरता गेला नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात मागं, स्वयंपाकघराच्या बाजूला, बटणाचा आवाज झाला. टक्. तिकडून येणारी उजेडाची पट्टी जमिनीवरून निघून गेली; पॅसेजमधली तेवढी राहिली.

मी मागं वळून पाहिलं नाही.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू का, मला जे दिसत होतं त्याची भीती थोडी होती. जास्त भीती होती ती हे मला एकट्याला दिसतंय याची. उद्या डॉक्टर विचारणार, काही भास होतात का. मग मी काय सांगणार? मागची खोली रिकामी आहे. जावयानं पलंगसुद्धा टाकून ठेवला असेल.

दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. "बाबा, अंधारात काय बसलाय?" मुलगी खोलीत आली. गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली, माझ्या मागं उभी राहिली आणि पडद्याकडे पाहू लागली. पुढं काही बोललीच नाही.

मीही बोललो नाही. तिला काही दिसलं नाही आणि मी बोललो, तर संपलं. करडी आकृती गावाच्या मधल्या वळणावर होती. एक दिवा विझला. दारावर हात... दोनदा. माझ्या खुर्चीच्या पाठीवर मुलीची बोटं घट्ट झाली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "तुम्हाला... काही दिसतंय का?"

"तुला?"

"आधी तुम्ही सांगा."

"नाही, तू सांग आधी."

"बाबा, तुम्ही नेहमी असंच..."

"अगं, तू हो म्हणालीस तर मला कसं कळणार की म्हाताऱ्याच्या समाधानासाठी म्हणाली नाहीस?"

तिच्या मनात माझ्याविषयी तेच चाललं होतं, हे मला नंतर कळलं; आईच्या आठवणीनं आपलंच डोकं फिरलंय आणि बाबा नुसती मान डोलावतील, असं तिला वाटत होतं. तेव्हा जन्मभर जे शिकवलं ते एकदा तरी उपयोगी पडलं. मी म्हणालो, "दोघांनी डोळे मिटायचे. तीन म्हटलं की उघडायचे आणि लगेच बोट ठेवायचं. बोलायचं नाही."

एक, दोन, तीन.

आमची बोटं एकमेकांवर आपटली. एकाच घराच्या एकाच पायरीवर. काच थंड होती. आणि बोटांखालची ती आकृती पुढच्या घराकडे निघाली, तशी दोन्ही बोटं तिच्याबरोबर निघाली. पायरी आली. उजवा पाय. थांबली. डावा. ती थांबली तिथं आमची बोटंही थांबली.

मी रडलो, असं मुलगी म्हणते. मला आठवतं ते असं, की मी हसत होतो. आपल्या घरात भूत आहे हे कळल्यावर एवढं सुटल्यासारखं वाटलेला माणूस क्वचितच सापडेल. छातीवरून कुणीतरी धोंडा काढून घेतला. म्हणजे दिवे मीच लावले होते. लावले होते हे मला बरोबर आठवत होतं. बंद मी केलेच नव्हते.

"हे पात्र आईच्या मॅपमध्ये नाहीचये, बाबा," मुलगी कुजबुजली. "आणि ते दिवे... त्यांना कुणी हातच लावू शकत नाही. दावं नाहीये."

"तिला लागत नसेल."

गावात आता वरच्या टोकाचा एकच दिवा उरला होता. करडी आकृती तिथवर गेली, पण तो तिनं मालवला नाही. खालच्या पायरीवर बसली. आकडा सुरुवातीला होता तिथं येऊन थांबला होता. पुन्हा संध्याकाळ व्हायला आली होती. ती झाली की गावभर दिवे लागणार आणि हिला पुन्हा खालून सुरुवात करावी लागणार.

"आता?" मुलगी म्हणाली.

"दुरुस्त कर."

"बाबा... दुरुस्त केलं तर मग ती..."

"पायऱ्या बघ किती आहेत. गुडघा दुखत असेल गं तिचा."

तिनं डाव थांबवला आणि एडिटर उघडला. दोनच ओळी होत्या. खालची वर नेली. आधी दिवा मालवा, मग दावं सोडा. जतन करायचं बटण तिनं मला दाबायला लावलं. मग संगणक बंद केला, आणि एवढ्यानं खात्री वाटेना म्हणून भिंतीतला प्लगही काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला घड्याळ काढायला सांगितलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. शेवटी म्हणाले, "सर, तुमचं उत्तम आहे. मीच सकाळपासून पेन शोधतोय." भासांविषयी विचारलं तेव्हा मी मुलीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. "एकट्याला तरी काही दिसत नाही," मी म्हणालो. ते तंतोतंत खरं होतं.

मागच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. घरातले दिवे त्या दिवसापासून मी लावले की मी बंद करेपर्यंत चालू राहतात. ते आठवणीनं मीच मालवत फिरतो. पॅसेजमधला तेवढा रात्रभर असू देतो. हिच्या गावात सकाळ झाली की दिवे वेळेवर मालवतात, आणि गेम कुठं अडकल्याची तक्रार नाही.

पण माझा स्वभाव तुम्ही बघताच आहात. पुढं कित्येक वर्षं मी एकाच गोष्टीचा कीस काढत बसलो. डोळे उघडताच माझं बोट किंचित आधी पडलं असेल का? मुलीचं बोट त्या आकृतीमागं जात होतं, की माझ्या बोटामागं? तिला विचारलं तर ती म्हणाली, "मला तर नेहमी वाटतं, तुमचंच माझ्यामागे येत होतं."

मग मुलीनं घर बदललं. सामान हलवताना, मधे कधीतरी ती माझ्याकडून घेऊन गेलेला तो जुना संगणक निघाला, आणि त्यातलं सगळं तिनं नव्यात उतरवून घेतलं. एका दुपारी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्या दिवसाच्या डावाची नोंद आहे यात. बघायची?"

आम्ही बघितली. जावईही बसला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. खालचं घर अंधारात गेलं तसा तो आपण होऊन म्हणाला, "ही बाई कोण? लंगडतेय का ती?" मुलीनं माझा हात धरला. बोटांचा प्रश्न तिथं मिटला. मी खुर्चीत मागं टेकलो. कित्येक वर्षांनी पाठ पुरती टेकली, असं वाटलं.

शेवटचा दिवा उरला. आकृती पायरीवर बसली. इथं आम्ही डाव थांबवला होता, म्हणून मी उठायला लागलो.

"बसा, बाबा," मुलगी म्हणाली. "हे संपलेलं नाही."

नोंद पुढं चालूच होती. तिनं ती भराभर पुढं सरकवली. गावात एकही नवा दिवा लागत नव्हता. संध्याकाळ सरली आणि मग रात्रच राहिली, सकाळ झालीच नाही. वरच्या टोकाला तो एक दिवा, आणि खाली पायरीवर बसलेली ती. खूप वेळ. मग ती उठली, उजवा पाय वर, थांबली, डावा पाय. दिवा विझला. काळ्या पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण दारावर हात पडल्याचे दोन आवाज आले, आणि नोंद संपली.

मुलगी बराच वेळ नोंदीवरचे तारखेचे आणि वेळेचे आकडे जुळवत राहिली. मग म्हणाली, "त्या रात्री मी शेजारच्या खोलीत जागी होते. मध्यरात्रीच्या सुमारास तुम्ही घोरायला लागलात तेव्हा पॅसेजमधला दिवा बंद करायला उठले, तर तो आधीच बंद होता. मला वाटलं, तुम्हीच केला असेल. तुम्हाला बोलले नाही."

मी तो दिवा कधीच बंद करत नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती.

आकडे मी स्वतः तपासले, जावयाकडूनही तपासून घेतले. प्लग आम्ही दिवस मावळायच्या आत काढला होता. नोंद त्यानंतर चांगली मध्यरात्रीपर्यंत चाललेली आहे, आणि तिच्यातला शेवटचा दिवा विझला तो मला झोप लागल्यावर.